वडिलांचे पक्के दात

वडिलांची कवळी तुटली, तेव्हा ते अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते. मी नुकताच नोकरीतून निवृत्त झालो होतो आणि माझ्याही दाढा पडल्या होत्या. दोघांचं एका फेरीत उरकावं म्हणून आम्ही तुडीलहून महाडला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

बाई म्हणाल्या, "हाडात स्क्रू घालून पक्के दात बसवता येतात. महाग पडतात, पण पुष्कळ वर्षं टिकतात." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "आजोबांना कवळी पुरेल."

"पुरेल," मी लगेच म्हणालो.

"आनि नाय पुरली तर?" वडील खुर्चीतूनच म्हणाले. "परत नवी कवळी, परत गाडीभाडं. तेच्यापेक्षा पक्केच स्वस्त हायत."

बाईंनी एक्स-रे काढला आणि त्या चकितच झाल्या. वडिलांचं हाड दणकट होतं. रक्त तपासल्यावर माझी मात्र शुगर वाढलेली निघाली. ती खाली आल्याशिवाय स्क्रूला हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं.

वडिलांना आनंद लपवता येईना. "ह्याला कवळीच द्या, बाई. ह्याचा काय भरवसा नाय."

स्वतःच्या तेराव्यासाठी त्यांनी पैसे बाजूला ठेवले होते. ते त्यांनी दातांना लावले. मी कुरकुर केली, तर म्हणाले, "तेराव्याचं जेवन मला थोडंच मिळनार होतं?"

आता ते ओटीवर बसून भाजलेले चणे कडाकडा फोडतात. मी शेजारी बसून बिनसाखरेच्या दुधात बुडवलेली चपाती खातो. "चना घेतोस काय रे?" ते रोज विचारतात.