हितं हसायचं न्हाई

फौजदारीण शांत असली की पुस्तकातल्यासारखं मराठी लिहायची आणि चिडली की तिच्या माण गावच्या बोलीवर यायची. ग्रुपवरच्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. तिच्या उत्तरात ‘आहे’ दिसलं की लोक निवांत वाचायचे. ‘हाय’ दिसलं की आधी त्यात आपलं नाव कुठे आहे का ते शोधायचे. आणि ‘हाय’ बऱ्याचदा दिसायचं. एवढं चिडणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. कुणाच्या चिडण्यानं आपलं भलं होतं, हेही तिच्याआधी पाहिलं नव्हतं.

‘अडलंय का’ हा तिचा ग्रुप. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मराठी माणसांचा, इंटरनेटवरचा. काही अडलं की तिथे मराठीत विचारायचं, ज्याला येतं त्यानं सांगायचं. इथल्या कंपन्यांमधले इंजिनियर त्यात होते, कॉलेजची पोरं होती, परदेशी गेलेलेही होते. फौजदारीण हे नाव त्यांच्यातल्याच कुणीतरी तिच्या पाठीमागे चेष्टेनं पाडलं. तिला कळल्यावर तिनं ते स्वतःच आपल्या नावापुढे लावून टाकलं. म्हणाली, “बरं झालं. तक्रार घेऊन कुटं जायचं ते तरी कळंल लोकास्नी.”

मी अशा ठिकाणी जाण्याचं काही कारण नव्हतं. माझी शाळा नववीत सुटली. किनवटकडच्या गावातून लग्न होऊन इकडे, माणशेजारच्या मारुंजीत आले. नवरा टेम्पो चालवतो आणि मी खोल्या घेऊन राहणाऱ्या पोरांना डबे देते. डबे वाढले तशी गडबड वाढली. कांदा-लसूण न खाणाऱ्याच्या डब्यात झुणका जायचा, गावी गेलेल्या पोराच्या दाराशी डबा आंबून जायचा. जेवायला असणाऱ्या एका पोरानं मला मोबाईलवर रोजची यादी काढून देणारा छोटासा प्रोग्रॅम करून दिला, आणि तो बंगळुरूला निघून गेला. तो गेल्यावर यादी बिघडली. तेच नाव पुन्हा पुन्हा यायला लागलं. फोन केला तर म्हणाला, “काकू, मी किती दिवस पुरणार? तुम्हीच शिका आता. ‘अडलंय का’वर विचारा.”

मी प्रश्न लिहायची आणि पुसायची. एवढ्या शिकलेल्या माणसांत आपण तोंड कसं उघडायचं? शेवटी एका दुपारी, भांडी घासायची तशीच ठेवून, पाठवून दिला. ‘नमस्कार. मी डबे देते. माझ्या यादीत एकच नाव दोनदा येते आणि एका माणसाला दोन डबे जातात. काय करावे?’

आधी हसणारे चेहरे आले. मग एकानं लिहिलं, ‘तो माणूस जाड झालाय का बघा.’ दुसऱ्यानं लिहिलं, ‘आधी बेसिक शिकून या.’ तिसरा म्हणाला, ‘ताई, हा डेव्हलपरांचा ग्रुप आहे, पाककृतींचा नाही.’ माझे कान तापले. प्रश्न पुसून टाकावा म्हणून बोट नेलं, तेवढ्यात ती आली.

‘हितं हसायचं न्हाई. दात काडायला कुणी बोलावलं न्हवतं तुमास्नी. तिचं अडलंय म्हणून तिनं इचारलंय. येत आसंल तर सांगा, न्हाईतर गप वाचा. पाककृतीवाले साहेब, तुमी भाईर.’

आणि तो खरंच बाहेर. त्याचं नावच ग्रुपमधून गेलं. मी तर आणखीच घाबरले, वाटलं आता आपली पाळी. पण माझ्यासाठी खाली वेगळी ओळ होती, स्वच्छ मराठीत: ‘तुम्ही आत्तापर्यंत काय काय करून पाहिलंत, ते सांगा.’ ती ओळ मी कितीदा तरी वाचली. काय करायचं ते मला जन्मभर लोकांनी सांगितलं होतं. मी काय करून पाहिलं, हे तोवर कुणी विचारलं नव्हतं.

उत्तर तिनं दिलंच नाही. हे बघा, ते बघा, आता काय दिसतं, असं विचारत विचारत मलाच तिथवर नेलं. यादी दुरुस्त झाली तेव्हा मला रडू फुटलं. मी लिहिलं, ‘झालं. खूप खूप धन्यवाद, मॅडम.’ त्यावर बाई पेटली.

‘झालं म्हंजे काय झालं? धन्यवादाची हितं बंदी हाय. कशानं बिगडलं आन् कशानं सुदारलं, ते तुज्या शब्दात लिव. मागनं येणाऱ्याला तुजा धन्यवाद काय चाटायचाय?’

त्या शिवीसारख्या वाक्यातल्या ‘तुज्या’नं मला किती बरं वाटलं ते सांगता येणार नाही. मी लिहिलं: ‘कालच्या पंगतीच्या पत्रावळी उचलल्याच नव्हत्या, आणि त्यांच्यावरच आजची पंगत बसवत होते. जुनी यादी आधी पुसायची, मग नवी मांडायची.’ तिला ते फार आवडलं. पुढे कुणाचं तसं काही बिघडलं की ती नुसतं लिहायची, ‘पत्रावळी उचला,’ आणि खाली माझं ते लिहिलेलं जोडून द्यायची. कॉलेजची पोरं मला ‘पत्रावळीवाल्या काकू’ म्हणायची, पण हसून नव्हे. फौजदारीण मात्र मला ‘किनवट’ म्हणायची. गावाच्या नावानंच हाक.

ती मूळची घोटावड्याची, माणमध्ये दिलेली. सासरच्या शेतात आता कंपनीची काचेची इमारत उभी आहे. उरलेल्या जागेत त्यांनी खोल्या बांधून भाड्यानं दिल्या. ती स्वतः इंजिनियर, बरीच वर्षं त्या काचेच्या इमारतींपैकीच एकीत कामाला होती. एवढ्या चिडता का, असं मी तिला एकदा तिच्या घरी भीत भीत विचारलं. शेंगा सोलत होती. तिनं सांगितलं, नोकरीच्या पहिल्या वर्षी भर मीटिंगमध्ये तिनं एक साधा प्रश्न विचारला आणि सगळं टेबल हसलं. त्यानंतर तिनं कुणाला काही विचारलंच नाही. न विचारताच काम करत राहिली, आणि तिची एक चूक पार गिऱ्हाईकापर्यंत गेली. “माजं काम गेलं त्याचं काय न्हाई गं. पर त्या हसण्यानं माजं तोंड शिवलं त्ये शिवलंच. म्हणून म्हंते, हसणाऱ्याला आदी भाईर काडायचं. उत्तर कुणीबी दील.”

शनिवारी दुपारी तिच्या इमारतीखालच्या पार्किंगमध्ये बैठक असायची. गाड्या बाहेर काढून मांडववाल्याच्या खुर्च्या मांडायच्या. ज्याचं अडलंय तो लॅपटॉप घेऊन मधे बसायचा, बाकीचे त्याच्याभोवती. पहिल्यांदा गेले तेव्हा मला कुठे बसावं कळेना. चहा आला तसा जीव भांड्यात पडला. उठून कप वाटायला लागले. ती तिकडून ओरडली, “ए किनवट! बस खाली. डबा तुजा धंदा हाय. हितं तू मेंबर हायेस. ए, तू रं, टाय लावून आलायस न्हवं? उट, चा वाट.” तो टायवाला खरंच उठला. मी खुर्चीत बसले, पण हातातल्या कपातला चहा तसाच पार गार झाला.

तिचा आणखी एक नियम होता. इनबॉक्समध्ये गुपचूप विचारलेल्या प्रश्नाला उत्तर नाही. मोठ्या हुद्द्याचे लोक चारचौघांत विचारायला लाजायचे, कारण त्यांच्या हाताखालची पोरं ग्रुपवर असायची. ते तिला एकटीला विचारायचे. तिचं एकच उत्तर ठरलेलं: ‘भाईर इचारा.’ माझ्यासारखीला हा नियम म्हणजे आधार वाटायचा. त्यांना अपमान वाटत होता, हे आमच्या उशिरा लक्षात आलं.

अशाच एका मोठ्या साहेबांनी ग्रुपचा दर्जा वाढवायचं काढलं. ते ग्रुप सांभाळणाऱ्यांपैकीच एक. त्यांचं नाव मी लिहीत नाही, आम्ही त्यांना दर्जासर म्हणायचो. बोलणं लोण्यासारखं. त्यांचं म्हणणं असं की ग्रुप फार मोठा झाला आहे, त्यामुळे प्रश्न विचारायची परवानगी फक्त डिग्री किंवा कंपनीचा ईमेल असणाऱ्यांनाच द्यावी, आणि जुने ‘फारच प्राथमिक’ प्रश्न काढून टाकावेत. म्हणजे मी बाहेर. आणि माझ्या पत्रावळीही बाहेर.

ते ठरवायला शनिवारी पार्किंगमध्ये बैठक झाली. इतकी गर्दी मी तिथे कधी पाहिली नव्हती. दर्जासर माझ्याकडे वळून गोड आवाजात म्हणाले, “ताई, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तुमच्यासारख्यांसाठी आपण एक वेगळा छोटा ग्रुप करू.”

“येगळा?” फौजदारीण उभी राहिली. “म्हंजे पायरीवर बसवणार व्हय तिला?”

“मॅडम, हीच ती भाषा,” सर म्हणाले. “तुमच्या या बोलण्यामुळे चांगली माणसं ग्रुप सोडतात. आदर हवा म्हणता, आणि तुम्हीच सगळ्यांवर ओरडता. कुणीही यावं, काहीही विचारावं, असं करून समाज उभा राहत नसतो. साध्यासाध्या गोष्टी माणसाला आधी यायलाच हव्यात.”

ती अगदी हळू म्हणाली, “तुमी इनबॉक्समदी काय इचारलं हुतं, सांगू का समद्यास्नी?”

सरांचा चेहरा उतरला. मी मनात म्हणत होते, सांग, बाई, सांगून टाक. एका वाक्यात सगळा डाव उलटला असता. पण तिनं मान हलवली. “न्हाई सांगणार. इचारणाऱ्याची लाज काडायची न्हाई, ह्यो माजाच नियम हाय.” आणि ती खाली बसली.

मग हात वर करायला सांगितलं. मी उभी राहिले. काय बोलले ते धड आठवत नाही. “मला इथंच राहायचंय,” एवढंच म्हणाले असेन, आणि आवाज फाटला. तिच्या बाजूनं वर झालेले हात थोडे होते. मला राग दर्जासरांचा येत नाही, ते जसे होते तसेच वागले. राग येतो तो बाकीच्यांचा. पहिला प्रश्न विचारताना ज्यांच्यावर कुणी हसलं होतं आणि फौजदारिणीनं त्या हसणाऱ्याला बाहेर काढलं होतं, ती सगळी पोरं तिथे बसली होती. आता बरी नोकरी होती, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र होतं, आणि दर्जासर उद्या कुणाचे साहेब होतील सांगता येत नव्हतं. सगळे मोबाईलकडे बघत होते. तो टायवालासुद्धा. एक तर मला जिन्याशी गाठून म्हणाला, “काकू, मनातून मी तुमच्याच बाजूनं होतो.” मी म्हटलं, “मन घरी ठेवून यायचं होतंस मग, हात आणायचा होतास.”

दोन दिवसांनी ती ग्रुपमधून गेली, आणि मागे तिच्या निरोपाचा मजकूर आला. काय भाषा! ‘मॅडमच्या अमूल्य योगदानाबद्दल आपण सारे कृतज्ञ आहोत.’ खाली हार्टच हार्ट. गुलाबाची फुलं. हात जोडलेले. जिनं आयुष्यभर धन्यवादाला बंदी घातली तिच्या तोंडावर हे धन्यवाद फेकले. एकानंही लिहिलं नाही की तिनं काय बिघडलेलं सुधारलं आणि कसं सुधारलं. मी लिहायला गेले तर माझ्या खात्यावरून लिहिणं बंद झालेलं होतं. डिग्री नव्हती ना.

त्यांनी जुने प्रश्न काढले त्यात पत्रावळी गेल्या. घोटावड्याच्या कारखान्यातल्या वजनकाट्यावर काम करणाऱ्या एका पोराचा प्रश्न गेला, आणि आम्ही सगळ्यांनी आपापल्या शब्दांत लिहून ठेवलेलं सगळं गेलं. आता तिथे म्हणे फार दर्जेदार शांतता आहे. कुणी काही विचारतच नाही.

मी डबा घेऊन माणला गेले तिला भेटायला. वाटलं होतं, पेटलेली असेल, शिव्या देईल, मलाही दोन देईल. ती दारात आली, डबा घेतला आणि म्हणाली, “असू दे गं. त्यांचंही काही बरोबर असेल. तू बस ना, चहा घेणार आहेस ना?”

आहेस. ‘हायेस’ नव्हे. चहा झाला, घरच्या सगळ्या चौकशा झाल्या, ती शेवटपर्यंत ‘आहे’ आणि ‘नाही’च बोलत राहिली. नवा ग्रुप काढा म्हटलं तर हसून म्हणाली, “नको. आता कशाचा राग येत नाही.” परत येताना मी मारुंजीपर्यंत रडत आले. त्या लोकांनी तिचा ग्रुप नेला हे कळण्यासारखं होतं. राग नेला होता, तो कुठून आणून द्यायचा?

मग मीच एक छोटा ग्रुप काढला. नाव तेच. मेसवाल्या बाया, टेम्पोवाले, दुकानदार, आणि ज्यांना तिकडे विचारायची परवानगी उरली नव्हती ती कॉलेजची पोरं. मला सगळं येतं असं नाही. तिला बोलावणं पाठवलं होतं. उत्तर आलं नाही.

परवा एका दूधवाल्या बाईनं विचारलं, तिचा रतिबाचा हिशेब मोबाईलवर उलटा का येतो म्हणून. कुणीतरी लगेच हसणारा चेहरा टाकला आणि लिहिलं, ‘मोबाईल उलटा धरला असेल.’ माझे कान तसेच तापले, त्या दुपारसारखे. मी लिहिलं: ‘हितं हसायचं न्हाई. भाईर हो.’ मी किनवटची. आमच्याकडे कुणी ‘हितं’ म्हणत नाही. त्याला काढलं आणि रागानं धापा टाकत बसले.

तेवढ्यात खाली एक ओळ उमटली. नाव नाही, फोटो नाही, कधी आत आली कुणास ठाऊक.

‘वरडून झालं आसंल तर त्या बाईकडं बग की, किनवट. ती तितंच उबी हाय कवाधरनं.’

मी ‘मॅडम, धन्य’ इथवर लिहिलं आणि पुसलं. मग त्या दूधवाल्या बाईला विचारलं, “तुम्ही आत्तापर्यंत काय काय करून पाहिलंत?”