मंदाकिनीबाईंचा उजवा पाय

रायपुरातल्या तात्यापारा या जुन्या मराठी वस्तीतल्या निम्म्या लोकांना गाडी चालवायला मंदाकिनीबाईंनी शिकवलं आहे. बावीस वर्षं झाली. या बावीस वर्षांत बाई बसल्या त्या कायम डाव्या सीटवर, आणि त्यांचा उजवा पाय राहिला त्या बाजूच्या जादा ब्रेकवर. शिकवणीच्या गाडीत मास्तरांसाठी असा वेगळा ब्रेक असतो. तो दाबला की शिकणाऱ्याच्या पायाजवळचा ब्रेकही आपोआप खाली जातो. या पायाने किती शेळ्या, किती सायकलवाले आणि एकदा तर नवरदेवासकट अख्खी वरात वाचवली आहे. घरी टीव्हीवर नुसती गाडी धावताना दिसली तरी तो पाय फरशी दाबतो. त्यांचे यजमान अच्युतराव म्हणतात, त्या जागची फरशी एक दिवस खचणार.

शिकवून झालं की बाईंची एक रीत. विद्यार्थ्याने आपली गाडी घेऊन यायचं, नारळ फोडायचा, पेढे द्यायचे, आणि काचेवरचा लाल 'एल' बाई स्वतः नखाने काढणार. तो निघाला की माणूस पास. सरकारी लायसन्सला तात्यापाऱ्यात तेवढा मान नाही.

असे हजारो 'एल' काढणाऱ्या बाईंनी एक मात्र काढला नव्हता. तो पोटच्या पोरीचा. ऋता आता चोवीस वर्षांची, लायसन्स पाच वर्षांपासून पर्समध्ये. पण अठराव्या वर्षी, शिकत असताना, तिने रायपूरच्या भनपुरी भागात दोन ट्रकांच्या मधून गाडी घातली होती. बाईंचा पाय पडला म्हणून दोघी वाचल्या. तेव्हापासून ऋता स्टिअरिंगला बसली की बाईंचा जीव मुठीत.

आणि आता ऋताला बँकेत नोकरी लागली होती. नेमणूक ओडिशाच्या उत्तर किनाऱ्याकडे, बालेश्वरपासून तीस किलोमीटर आतल्या गावात. बसचा भरवसा नाही, गाडीशिवाय इलाज नाही. शिकवणीची जुनी गाडी, तिचा 'एल' अजून काचेवर असलेली, तिला द्यायचं ठरलं, पण बाईंनी अट घातली.

"रविवारी दिवसभर समुद्राच्या काठानं तू गाडी चालव. संध्याकाळी तंबू ठोकू, मजेत राहू. पण मले एकदा जरी ब्रेक दाबा लागला, तर गाडी अन् तू, दोघी रायपूरले वापस. नोकरी गेली उडत."

"ठीक है," ऋता म्हणाली. तिला राग आला की हिंदी येते.

बालेश्वरपर्यंत गाडी बाईंनी आणली; रविवारी सकाळी स्टिअरिंग ऋताकडे आलं. म्हणायला सहल होती. सुरूच्या झाडांतून जाणारा सावलीचा रस्ता, काजूच्या बागा, अंगणात वाळत घातलेली मासळी, मधूनच खाडीचं पाणी. ऋता झकास चालवत होती. बाईंना यातलं काही दिसत नव्हतं. त्यांना दिसत होत्या शेळ्या. वळणावर बस आली तेव्हा त्यांनी उजवा पाय सरळ मांडीखाली दुमडून घेतला आणि दोन्ही हातांनी सीट धरली. बस गेली. पायाला मुंग्या आल्या.

रायपूरहून, चौबे कॉलोनीतल्या घरून अच्युतरावांचा फोन. "दाबला का?"

"नाही अजून."

"मग ठेव फोन. पोट्टीचं लक्ष जाईल."

दुपारी बलरामगडीच्या जेट्टीवर होड्या बघत त्यांनी डब्यातली पुरी आणि बेसनाची कुरकुरीत ठेठरी खाल्ली. ठेठरीचा तुकडा मोडताना ऋता म्हणाली, "आई, सकाळपासून मी एकही चूक नाही केली." ते खरं होतं, म्हणून बाईंनी पाणी प्यायचं निमित्त केलं.

चारच्या सुमारास त्या चांदीपूरला पोचल्या, आणि बघतात तर समुद्रच नाही. दूरवर नुसती ओली, चमकणारी रेती.

"खाली रेतीत नेऊ?" ऋताने विचारलं.

बाईंना समुद्राची माहिती नव्हती. त्यांना माहिती होती तलावांची. रायपूरचे तलाव उन्हाळ्यात मागे हटले की पावसापर्यंत तिथेच; कोरड्या काठावर पोरं दोन महिने क्रिकेट खेळतात. "पाणी तर केवढं दूर आहे. ने," त्या म्हणाल्या. हे त्यांनीच म्हटलं, हे विसरून चालणार नाही. खेकडे वेचणारी एक म्हातारी हात हलवून काहीतरी ओरडली. मायलेकींनी हसून तिला हात हलवला.

अर्धा किलोमीटर गाडी मजेत गेली. मग समोरच्या रेतीचा रंग बदलताना बाईंना दिसला. भरतीच्या पाण्याचा पातळ थर, आवाज न करता, सरळ त्यांच्याकडे येत होता. बाईंचा पाय ब्रेकवर पडला.

गाडी जागच्या जागी थांबली. चाकं रेतीत बसली, इंजिन बंद.

"दाबला तू," ऋता म्हणाली.

"ते मग पाहू! आधी गाडी काढ!"

ऋताने गाडी सुरू केली, रिव्हर्स टाकला, क्लच सोडला. गाडीने गचका खाल्ला आणि बंद पडली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. पाणी पुढच्या चाकांशी आलं होतं.

"क्लच हळू सोड! काय करून राहिली तू? यासाठीच म्हणते मी, तुले जमत नाही!"

चौथ्यांदा गाडी बंद पडली तेव्हा ऋताने हात स्टिअरिंगवरून काढले. ती खाली बघत होती. बाईंनीही तिकडे बघितलं. ऋताच्या बाजूचा ब्रेक खाली दबलेला होता, आणि त्याच्यावर ऋताचा पाय नव्हता.

"आई, पैर हटाओ."

"हटवलाच आहे," बाई म्हणाल्या, आणि मग त्यांनी आपल्या पायाकडे बघितलं.

तो ब्रेकवरच होता, पूर्ण जोराने. बाईंनी त्याला उठायला सांगितलं, तो उठेना. शेवटी त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःची मांडी धरली आणि पाय उचलून बाजूला ठेवला. बावीस वर्षं ज्या पायाची फुशारकी मारली, त्यानेच पोरीला समुद्रात अडकवून ठेवलं होतं.

त्यांनी दार उघडलं. आता आई फिरून येईल आणि स्टिअरिंग मागेल, असं समजून ऋता उठायला लागली.

"बस तिथंच. आपल्याच चाकोरीतून मागं घे. मागंच पाहा, माह्याकडं पाहू नको." आणि बाईंनी दार बाहेरून लावलं.

पाणी घोट्यापर्यंत आलं होतं. इंजिन घुमलं. चाकं फिरली, चिखल उडाला, गाडी तसूभर हलली, पुन्हा बसली. बाईंचा उजवा पाय रेती दाबत होता. त्यांनी तो दाबू दिला, तिथे त्याच्याने काही बिघडणार नव्हतं. मग गाडी निघाली. हळूहळू, आपल्याच खुणांवरून, मागे मागे. काचेवरचा लाल 'एल' लहान होत गेला. बाईंना भयंकर भीती वाटत होती, आणि त्या भीतीतच पहिल्यांदा त्यांना दिसलं की पोरगी छान चालवते.

बाई चालत सुरूच्या झाडांपाशी पोचल्या तेव्हा त्यांची साडी पोटऱ्यांपर्यंत भिजलेली होती. ऋता तंबूची दोरी ओढत होती. डोळे लाल.

"कल वापस चलते हैं," ती म्हणाली. "तू दाबला. शर्त शर्त आहे."

बाई उत्तर न देता गाडीच्या काचेपाशी गेल्या आणि नख लावलं. सहा वर्षं रायपूरच्या उन्हात भाजलेला कागद. अर्धा निघाला आणि नख तुटलं. तेवढ्यात सीटवरचा फोन वाजला.

"दाबला का?" अच्युतराव.

"दाबला," बाई म्हणाल्या. "माहीच चूक होती. मी मंगळवारी रेल्वेनं येते, एकटी. पेढे आणून ठेवा. या खेपेला आपण वाटायचे."

फोन ठेवून त्यांनी ऋतापुढे हात केला. "काही टोकदार असलं तर दे. अर्धा राहिला."

ऋताने पर्स चाचपली आणि लायसन्स काढून दिलं. त्याच्या कडेने बाई उरलेला 'एल' खरवडत बसल्या.