माझ्या पाळीला गेलेला जाधव

चोवीस डिसेंबरला संध्याकाळी सहाच्या रोल कॉलला आम्ही पोस्टवर अकरा जण होतो. उंची साडेसतरा हजार फूट. सुभेदार साहेबांनी दुसऱ्या दिवसाच्या लिंक पेट्रोलची, म्हणजे गस्तीची, नावं वाचून दाखवली. रोज सकाळी आमचे तीन जण एका दोराला, म्हणजे रोपला, बांधून खाली निघायचे, खालच्या पोस्टचे तिघे वर यायचे, आणि मध्यावर भेटून टपाल, औषधं, रॉकेल घेऊन आम्ही परतायचो. उद्याच्या रोपवर दुसरं नाव माझं होतं, हवालदार साळवे.

मी मूळचा मोहोपाड्याचा. वडील केमिकल कंपनीत फिटर होते. आमचं घर आजोबांपासून ख्रिस्ती. पोस्टवर ख्रिस्ती मी एकटाच, पण त्यामुळे कधी काही अडलं नाही. ज्याचा सण त्याला सुट्टी आणि त्याची पाळी दुसऱ्याने करायची, ही पलटणीची रीत. ती कुठल्या हुकमात लिहिलेली नाही, तरी मोडायची कुणाची छाती नव्हती. गणपतीत आणि दिवाळीत मी राब राब राबायचो. म्हणून नाताळात जरा भाव खायचो.

रोल कॉल सुटल्यावर लान्स नायक प्रकाश जाधव जवळ आला. हा कशेळ्याच्या पुढच्या एका गावचा, बौद्ध घरातला. एवढ्या उंचीवर मोहोपाडा आणि कशेळे म्हणजे शेजारघरच, म्हणून आम्ही एकमेकांना गाववाले म्हणायचो.

"हवालदार, उद्या तुमी देवाशी बोला. रोपवर मी जातो."

"थंडी बघितलीस का?"

"बुद्धपौर्णिमेला माझ्या जागी तुमीच गेलावता ना? मंग झालं तर. नि तुमच्या देवाला सांगा, जाधवची रजा तेवढी मंजूर कर."

सुभेदार साहेब तोंडी हो म्हणाले. खाली कंपनी हेडक्वार्टरला यादी आधीच गेली होती. वायरलेस सेटवरून बदल कळवायचं काम माझं होतं. ते राहून गेलं. उद्या कळवू, म्हटलं.

सकाळी पावणेनऊला रोप निघाला. नऊ वाजता मी हटमध्ये स्टोव्हच्या बाजूला गुडघे टेकले. सगळे सुखरूप राहू देत, एवढंच मागत होतो. नऊ वाजून दहा मिनिटांनी उतारावरचा बर्फ सुटला. आवाज फार मोठा नव्हता. गाडीवरून भाताच्या पेंढ्या घसराव्यात तेवढाच. मी बाहेर धावलो. खाली उतारावर रोपवरचा पहिला आणि तिसरा कडेला पडले होते, हातपाय हलवत होते. त्यांच्या मधला रोप सरळ बर्फात गेला होता.

सुभेदार साहेब फावडी गोळा करायला धावले. मला म्हणाले, "सेट घे."

"दोन बाहेर, एक गाडला गेलाय. ओव्हर," मी सांगितलं.

"कोण? ओव्हर," कंपनीच्या ऑपरेटरने विचारलं.

"रोपवरचा दुसरा. ओव्हर."

"दुसरा म्हणजे साळवे. हवालदार साळवे मिसिंग. कन्फर्म कर. ओव्हर."

"साळवे नाही. लान्स नायक जाधव. ओव्हर."

"यादीत साळवे आहे. बोलतोय कोण? ओव्हर."

"साळवे. ओव्हर."

मी सेट ठेवला आणि फावडं उचललं.

आम्ही रोप धरून खणत गेलो. अकरा वाजून पाच मिनिटांनी माझा हात जाधवच्या खांद्याला लागला. श्वास नव्हता.

पोस्टवर ना पुजारी ना पाद्री. एका फळीवर सगळ्यांचे देव आणि बाबासाहेबांचा फोटो. ज्याचा दिवस असेल तो पुढे उभा राहून दोन शब्द बोलायचा. चारला सगळे जमले. सुभेदार साहेब म्हणाले, "साळवे, दिवस तुझा आहे. प्रार्थना तू कर."

मी पुढे झालो.

"साहेब, होत नाही."

सगळे दोन मिनिटं उभे राहिले आणि पांगले. पुढचे नऊ दिवस रोप त्याच उतारावरून गेला. नऊही दिवस मी नाव दिलं. शौर्य वगैरे काही नव्हतं. प्रत्येक पाऊल भीत भीत टाकायचो, आणि हाक मारायला वर कुणी उरलं नव्हतं.

निवृत्त झालो, खालापूरला घर केलं. रविवारी चर्चच्या मंडळीत जायचो, डोळे मिटायचो, आत काही नसायचं. "प्रभूने तुम्हाला वाचवलं," असं लोक म्हणाले की संताप यायचा. मला वाचवलं, मग जाधवचं काय केलं? तीन वर्षं अशीच गेली. त्याच्या घरी कागद गेला होता तो ड्यूटीवर असताना गेल्याचा. ड्यूटी कुणाची होती हे घरच्यांना कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी मीच कशेळ्याला गेलो. तिथून जीप केली.

जाधवची आई, फुलाबाई, ओटीवर वालाच्या शेंगा सोलत होती. मी नाव सांगितलं, बसलो नाही.

"आई, त्या दिवशी पाळी माझी होती. तो माझ्या जागी गेला."

तिचे हात थांबले. "तू कुटं हुतास?"

"प्रार्थनेला. नाताळ होता."

"काय मागत हुतास?"

"सगळे सुखरूप राहू देत."

"मंग नाय ऐकलं तुझ्या देवानं."

"नाही ऐकलं. म्हणून सोडलं मी. तेव्हापासून प्रार्थना केलेली नाही."

हे ऐकून तिला बरं वाटेल, असं मला वाटलं होतं. केवढा मूर्ख मी. सूप बाजूला सारून ती उठली.

"सोडलंस? आमच्यात देवाकडं मागणं नाय रं. पर तू मागतोस, म्हणून माझ्या पोरानं तो दोर बांधला ना अंगाला? तुला बसता यावं म्हणून गेला ना तो? नि तूच उठून गेलास? मंग माझा पोरगा कशापायी गेला, सांग!"

नोकरीत मी पुष्कळ साहेबांची बोलणी खाल्ली. असं उभं कुणी चिरलं नव्हतं. ख्रिस्त दुसऱ्यांच्या जागी गेला, हे मी पाळण्यापासून ऐकत आलो होतो. ज्याच्या जागी कुणी जातं, त्याला नंतर पाठ फिरवून चालत नाही, हे मला एका बौद्ध माऊलीने सांगावं लागलं.

"बस हितं," ती म्हणाली. "माझ्याम्होरं बस."

मी ओटीवर गुडघे टेकले. आईने शिकवलेलं एकही वाक्य आठवेना. सुचेल तसं बोललो.

"प्रभू, लान्स नायक प्रकाश जाधव. माझ्या पाळीला गेला. त्याला तुझ्याजवळ ठेव."

मी थांबलो. फुलाबाई माझ्या शेजारी खाली बसली होती.

"आजून बोल रं," ती म्हणाली. "त्याला थंडी लई वाजायची, ते सांग."

मी ते सांगितलं.