दोऱ्यातून यायची हाक

कापडाच्या लूमच्या खडखडाटात माझं कान गेलं. इथं टेमघरात बऱ्याच बायांचं गेलंय, त्याचं काय वाटून घेत न्हाय मी. पण आमचं हे, घरचं मालक, अंथरुणाला खिळलं, आवाज पार बारीक झाला त्यांचा. आत ठसका लागला तरी बाहेर ओट्यावर मला कळायचं न्हाय. एकदा पाणी द्यायला उशीर झाला, तर चेहरा निळा पडला होता.

मग त्यांच्या बोटाला सुतळी बांधली, दुसरं टोक माझ्या मनगटाला. सुतळी जड, मधी झोळीवानी लोंबायची. त्यांनी ओढलं की आधी झोळीच वर उचलायची, माझ्यापर्यंत ओढ यायला वेळ लागायचा. शेवटी लूमवरचं बारीक नायलॉनचं सूत आणलं आणि चांगलं ताणून बांधलं. तिकडं बोट हललं की लगेच इकडं मनगटाला कळायचं.

दुपारी ओट्यावर ऊन यायचं, सूत चमकायचं. मी डोळं मिटून बसायची. सगळं गप्प. त्यांचा श्वास पण त्या सुतातून माझ्या हातात येतोय, असं वाटायचं.

एकदा जोरात ओढ बसली. मी धावत आत गेले.

"ठसका लागला काय ओ?"

लूमवर सगळी ओठ बघूनच बोलणं समजतात, तसं मी त्यांचं ओठ बघितलं.

"न्हाय गं. हायस का, बघितलं."

"जाते कुठं? बांधून ठेवलंय ना तुम्ही."

त्याच्यावर ते हसलं, आणि हसता हसता खरंच ठसका लागला. पाण्याचा तांब्या माझ्या हाताशीच होता.