बॅटरी वाहणारा बाबाजी

मुरुडजवळच्या कोळीवाड्यातल्या शाळेत वीज नव्हती. म्हणून शिपाई बाबाजी दर आठवड्याला रेडिओची बॅटरी डोक्यावर घेऊन मुरुडला चालत जाई आणि चार्ज करून आणी. नऊ वर्षांत ॲसिडनं त्याच्या सदऱ्यांची चाळण झाली आणि मान कायमची आखडली.

त्या बुधवारी रेडिओवर मुंबईच्या बाईंनी विचारलं, “मुलांनो, समुद्र कुणी पाहिलाय?”

“आमी!” अख्खा वर्ग ओरडला. केसर तर उभी राहून बापाच्या होडीचं सांगायलाच लागली. बाई मात्र थांबल्याच नाहीत. समुद्र किती मोठा असतो, ते सांगत राहिल्या.

केसर हिरमुसली. “बाबाजीमामा, त्येंना आपलं ऐकू येत न्हाय?”

“न्हाय गो,” बाबाजी मान चोळत म्हणाला. “त्येंचं ऐकायला मी मरतोय. आपलं ऐकायला तिकडं कोन वझं उचलनार?”