दादाचा टप्पा आणि माझी हजेरी

माझ्या आयुष्यात मी एकच शर्यत धावलो, आणि तिच्यात अर्ध्या वाटेवर कामावर हजर झालो.

हे सविस्तर सांगायलाच हवं. कारण मैसूरच्या आमच्या मराठी मंडळींत या प्रकाराच्या सात-आठ आवृत्त्या फिरताहेत आणि प्रत्येकीत मी आदल्यापेक्षा थोडा जास्त मूर्ख आहे. तशी काही गरज नाही. मूळ हकीगत पुरेशी आहे.

शर्यत खरं तर दादाची. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, माझ्याहून सात वर्षांनी मोठा. मिरजेहून आधी तो बदलीवर मैसूरला आला, मग मला ओढून आणलं आणि कडकोळच्या एका कारखान्यात चिकटवून दिलं. तिथे गेली एकोणीस वर्षं मी स्टोअर सांभाळतो. माझी अडचण कुठलीही असो, गॅसचं सिलिंडर असो नाहीतर बायकोचा रुसवा, मी दादाला फोन लावायचो. पन्नाशीनंतर त्याला पळण्याचं वेड लागलं. दर शनिवारी मला म्हणायचा, "उद्या ये रे, निदान चाल तरी." मी म्हणायचो, पुढच्या रविवारी नक्की. असे शंभरेक पुढचे रविवार मी त्याला देऊन ठेवले असतील.

मग एका रविवारी तो एकटाच गेला, रस्त्याकडेच्या एका कट्ट्यावर बसला आणि उठलाच नाही. दूधवाल्यानं पाहिलं. छप्पन्न वर्षांचा होता.

(हसवायला बसलास आणि हे काय काढलंस, असं कुणी म्हणेल. काय करणार, हकीगत इथूनच सुरू होते.)

जाण्याआधी दादानं एका रात्रभराच्या रिले शर्यतीत संघाचं नाव नोंदवलं होतं. बन्नीमंटपाहून निघायचं, पहाटेपर्यंत गुंडलुपेटला पोचायचं. तिघांचा संघ. एकानं दहा किलोमीटर पळायचं, हातातला पट्टा दुसऱ्याच्या मनगटावर बांधायचा, मग त्यानं पळायचं, असं आळीपाळीनं शेवटपर्यंत. तिघांत एक दादा, दुसरी त्याची मुलगी गार्गी आणि तिसरे शेजारचे रामोजीराव. रामोजीराव निवृत्त ड्रिल मास्तर. त्यांचं घराणं दीडशे वर्षं मैसुरात आहे आणि त्यांच्या मराठीत दर चौथा शब्द कन्नड असतो. दादा गेला त्या वर्षी अर्थात कुणी पळालं नाही. आयोजकांनी भलेपणानं नोंदणी पुढच्या वर्षावर ढकलली.

वर्षश्राद्ध झालं आणि वहिनींनी मला समोर बसवलं. म्हणाल्या, "भाऊजी, यांचा टप्पा घरच्याच कुणीतरी पळायचा. यांचं काही अर्धवट राहिलेलं मला बघवत नाही."

घरचं कुणीतरी म्हणजे कोण? गार्गी तर आधीच संघात. उरलो मी.

दोन महिने मी सराव केला. निदान तयारी तरी नक्कीच केली. माझ्या घेराची पळायची पँट दुकानात मिळेना, म्हणून देवराज मोहल्ल्यातल्या माझ्या नेहमीच्या शिंप्याकडून शिवून घेतली. त्यानं आयुष्यभर लग्नाचे सूट शिवलेले. पँटला कडक इस्त्रीची घडी आली, मागे बटणाचा खिसा आला. रामोजीरावांनी मला त्या पँटीत पाहिलं आणि म्हणाले, "छान दिसतंय की हो. पळू नका मात्र, सुम्ने, नुसते उभे राहा." गार्गीनं मला एकच सल्ला दिला, "काका, पळताना जास्त योचने करू नको. डोकं बंद ठेव, पाय आपोआप जातात."

हा सल्ला मी फार मनावर घेतला. पुढचं सगळं त्याच्यातून झालं.

रात्री दहाला बन्नीमंटपाहून गार्गी सुटली. वहिनी, रामोजीराव आणि मी गाडीनं पुढे जाऊन थांबलो. सव्वाअकराच्या सुमाराला ती आली, माझ्या मनगटावर पट्टा बांधला, आणि मी नंजनगूडच्या रस्त्याला लागलो. फोन खिशात नाचतो म्हणून मी तो गाडीतच ठेवला. मी दिसेनासा होईपर्यंत वहिनी बघत राहिल्या. त्यांची गाडी मग मला ओलांडून पुढच्या ठिकाणी गेली.

पहिला किलोमीटर बरा गेला. दुसऱ्याला मी देवाची नावं घेतली, तिसऱ्याला शिंप्याची. चौथ्यापासून मात्र डोकं खरोखरच बंद झालं. दोन्ही बाजूंना अंधार, समोर रस्ता, आणि मला दादाचा आवाज आठवायला लागला. आठवायला म्हणजे, आठवेना. शब्द आठवत होते, आवाज येत नव्हता. वर्षभरात एवढंही विसरलो की काय? मी रडत होतो आणि पळत होतो, आणि पाय आपोआप जात होते.

ते गेले डावीकडे.

एकोणीस वर्षं रोज मैसूरहून येऊन ज्या वळणाला मी वळतो, त्या वळणाला ते वळले. शर्यत सरळ गेली. अर्धा किलोमीटर आत आमच्या कारखान्याचं गेट आहे. बारा वाजताच्या पाळीची माणसं आत चालली होती, मी त्यांच्यामागे रांगेत उभा राहिलो. (धापा टाकत, छातीवर नंबर लावून.) वॉचमन मादप्पानं सवयीनं सलाम केला. मी सवयीनं मान हलवली, यंत्रावर अंगठा टेकवला. यंत्रानं हिरवा दिवा दाखवला. आत चार पावलं गेल्यावर मला वाटलं, काहीतरी विसरतोय. डबा! डबा आणला नाही. आणि डब्यावरून मला शर्यत आठवली.

मी गर्रकन वळलो. मादप्पानं गेट लावून घेतलं होतं.

म्हणाला, सार, गेट पास. मी म्हटलं, अरे मी चुकून आलोय. तो म्हणाला, असेल सार, पण अंगठा लागलाय. पाळीच्या वेळात बाहेर जायला पास लागतो आणि पासावर खातेप्रमुखाची सही लागते. मी म्हटलं, मीच खातेप्रमुख आहे, आण तो पास. त्यावर त्यानं भिंतीवरच्या कागदाकडे बोट केलं. 'कोणीही स्वतःच्या पासावर स्वतः सही करू नये.' खाली माझी सही. दोन वर्षांपूर्वी आमच्यातल्या एकाला पकडायला मी मोठ्या हौसेनं हा नियम काढला होता. तो माणूस पुढे नोकरी सोडून गेला, नियम राहिला.

दुसरी सही रात्रपाळीच्या इन्चार्जची चालली असती. ते पार मागच्या शेडमध्ये बंद पडलेल्या मशीनखाली आडवे होते. निरोप गेला, उत्तर आलं: येतो, पण साहेब आलेच आहेत तर सव्वासहा इंची बेअरिंग तेवढं काढून देतील का? मी स्टोअर उघडलं, फळीवर चढून बेअरिंग काढलं, रजिस्टरात नोंद केली. वहिनी रस्त्यावर वाट बघताहेत आणि मी तारीख टाकतोय! आपल्या घरात कुणी पळायला जाऊन वेळेवर न येणं म्हणजे काय, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

मी गेटवरच्या फोनकडे धावलो. पण नंबर कुणाचा पाठ असतो हल्ली? वहिनींचा नाही, गार्गीचा नाही, बायकोचासुद्धा नाही. मी रिसीव्हर हातात घेऊन उभा राहिलो आणि बोटांनी आपले आपण दहा आकडे दाबले. वीस वर्षं अडचणीत हाच नंबर दाबला होता. घंटी वाजायला लागली तेव्हा मला कळलं की मी दादाला फोन लावलाय.

मी ठेवून देणार होतो. तेवढ्यात तो उचलला गेला.

"कोण?" वहिनींचा आवाज. धाप लागलेली.

"वहिनी, मी."

पलीकडून एक ट्रक गेल्याचा आवाज आला.

"कुठे आहात?"

"कंपनीत."

"कुठे?"

"कंपनीत. चुकून. हजेरी लागली."

फोन बंद झाला.

पुढचं मला नंतर कळलं. पाऊण तासात माझ्या मागून निघालेले पोचायला लागले तरी मी नाही, तेव्हा वहिनींनी गार्गीला गाडी उलटी वळवायला लावली. त्यांनी मी निघालो तिथपर्यंतचा सगळा रस्ता पालथा घातला. मी कुठेच नाही. मग वहिनी कडकोळला उतरल्या, गार्गीला म्हणाल्या, तू पुढे जाऊन थांब, मी पायी बघते. रस्त्याच्या कडेनं, चपला घालून, चरात टॉर्च मारत त्या मला शोधत होत्या. प्रत्येक कट्ट्यावर टॉर्च मारत होत्या. आणि तेव्हा त्यांच्या पर्समध्ये दादाचा फोन वाजला. चौदा महिने त्या तो चार्ज करत होत्या, रिचार्ज करत होत्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, बँकेचे मेसेज येतात.

दहा मिनिटांत त्या गेटवर आल्या. मादप्पा त्यांना आत घेईना, मला बाहेर सोडेना. गजांच्या अलीकडे मी, पलीकडे वहिनी. मला वाटलं, आता माझी खरडपट्टी निघणार, आणि ती निघायलाच हवी होती. पण त्या मादप्पाच्या स्टुलावर बसल्या.

मग म्हणाल्या, "त्या दिवशी मी पन्नास मिनिटं थांबले होते, भाऊजी. उपमा केला होता. वाटलं, बसले असतील कुणाशी गप्पा मारत. मला इतका राग आला, की मी एकटीनंच उपमा खाऊन घेतला. पोटभर खाल्ला. आणि हे तिकडे कट्ट्यावर." टॉर्च विझवत म्हणाल्या, "हे मी गार्गीलासुद्धा सांगितलेलं नाही."

आणि मग मीही ते बोलून टाकलं, जे माझ्या बायकोलाही माहीत नव्हतं.

"वहिनी, त्या दिवशी पाच वाजता त्याचा फोन आला होता. मला ऐकू आला होता. मी कूस बदलली."

वहिनींनी गजांतून हात घातला आणि माझं मनगट धरलं, पट्ट्यासकट. दोघंही रडलो. चौदा महिने सगळे आम्हाला धीराचे म्हणत होते. त्या रात्री आमचा धीर पुरता सुटला, तोही कारखान्याच्या गेटवर, बारा चाळीसला. मादप्पा भिंतीवरचा माझा कागद पुन्हा पुन्हा वाचत होता. आमची मराठी त्याला कळत नाही. त्यानं डोळे मात्र पुसले.

इन्चार्ज सही घेऊन आले. कारणाच्या रकान्यात त्यांनी 'घरगुती' लिहिलं.

हायवेवर पोचतो तोच शर्यतीचा एक स्वयंसेवक मोटारसायकलवर आला. टप्प्याला दोन तासांची मुदत होती. पाच किलोमीटर बाकी होते आणि उरला होता अर्ध्या तासाहून कमी वेळ. त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं, माझ्या इस्त्रीच्या पँटीकडे पाहिलं, आणि सौम्यपणे सांगितलं की हे काही होणार नाही, तुमचा संघ बाद समजा.

वहिनींनी आपल्या मोडक्या कन्नडमध्ये त्याला विचारलं, "बाद म्हणजे रस्ता बंद होतो का?"

तो म्हणाला, नाही अम्मा, रस्ता आहे.

"मग आम्ही चालतो."

आणि आम्ही चाललो. पाच किलोमीटर. वहिनी इतकं सलग कधी चालल्या नव्हत्या, त्यात पायात चपला. तरी त्या पुढे आणि मी मागे. वाटेत फार बोलणं झालं नाही. एकदाच त्यांनी विचारलं, हे या रस्त्यानं यायचे का कधी. मी म्हटलं, मला ठाऊक नाही, मी कधी बरोबर आलोच नाही. त्यावर त्यांनी नुसती मान हलवली.

दोनच्या सुमाराला आम्ही पोचलो. शर्यत केव्हाच पुढे गेली होती. गाडीच्या बॉनेटवर गार्गी आणि गुडघ्याला पट्टी बांधून तयार रामोजीराव, एवढेच उरले होते. गार्गीनं आधी मला मिठी मारली आणि मग पाठीत एक जोरदार गुद्दा घातला. मी पट्टा सोडून रामोजीरावांच्या पुढे केला, नियमाप्रमाणे. ते म्हणाले, "इथे द्या," आणि तो घेऊन वहिनींच्या हातात ठेवला. वहिनींनी तो घडी घालून पर्समध्ये टाकला. दादाचा टप्पा झाला.

हल्ली दर रविवारी पहाटे पाचला वहिनींचा फोन येतो. मी पहिल्याच घंटीला उचलतो. आम्ही चालायला जातो. त्यांचा वेग आता असा आहे की मला झेपत नाही. त्या भराभर पुढे जातात आणि मी लांब मागे राहतो. पण प्रत्येक वळणाशी त्या थांबतात, मागे वळून बघतात, मी दिसलो की मगच पुढे पाऊल टाकतात. माझ्याकडून त्यांना वेग नको, जिद्द नको, पदक तर नकोच. मी फक्त दिसत राहायचं. आणि ब्याण्णव किलोंच्या माणसाला दुसरं काही जमो न जमो, तो लांबून दिसतो मात्र अगदी स्पष्ट.