खांद्यावरची रेघ

हिंगणघाटच्या बसस्टँडमागे त्याचं डीटीपीचं दुकान होतं. आमच्या शाळेचं सगळं छपाईचं काम मी त्याच्याकडेच न्यायचो. कॉम्प्युटरवर कोरलमध्ये चित्र काढताना जादाच्या रेघा छाटायचं त्याला वेडच होतं. चित्र मोठं करून एकेक रेघ शोधायचा आणि उडवली की पुटपुटायचा, "गेली एकदाची." गिऱ्हाईक ताटकळत राही.

त्याची बायको वारली, त्या आठवड्यात मी भेटायला गेलो तर तो दुकानातच बसलेला. तिचा एकटीचा फोटो घरात नव्हता. म्हणून तेरवीच्या पत्रिकेसाठी त्यानं लग्नातला फोटो स्क्रीनवर गिरवला होता आणि त्यातून स्वतःला छाटत आणलं होतं. फेटा, चेहरा, हार, सगळं गेलं होतं. दोघांचे खांदे टेकले होते तिथली एक रेघ तेवढी उरली होती.

"सर, हे रेघ तिची हाय का माही, समजूनच नाई राह्यलं," तो म्हणाला. "काढली तं तिचा खांदा तुटते."

"मग राहू दे ना, भाऊ."

त्यानं चित्र आणखी मोठं केलं. मी थोडा वेळ बसलो आणि निघालो.

पुढे पत्रिका घरी आली. त्या रेघेला लागून त्यानं आपली बाही पुन्हा काढली होती.